आई, आपण उंदीर पाळूया?

पुठ्ठा मीच ठेवला होता. ऑक्टोबर सरता सरता आमच्या गणेशपुरीत भाताची कापणी होते, खाचरं मोकळी होतात आणि शेतातले उंदीर घरांकडे वळतात. दर वर्षीचंच आहे हे. एरवी पिंजरा लावायचा, नाहीतर माळ्यावर औषधाची वडी ठेवायची, असं आमचं चालायचं. २०२२ च्या दिवाळीत मात्र वाण्याकडे तो चिकट पुठ्ठा दिसला. "विष नाही, वास नाही, घरात लहान मूल असलं तरी काळजी नाही, वहिनी," असं तो म्हणाला आणि मला ते पटलं.

रात्री दोनच्या सुमारास चिरकण्याचा आवाज आला. उठून स्वयंपाकघरात गेले, तर आमची धाकटी, तेव्हा नऊ वर्षांची, जमिनीवर फतकल मारून बसलेली. हातात खोबरेल तेलाची बाटली. पुठ्ठ्यावर बोटभर लांबीचा उंदीर. पोट आणि चारही पाय चिकटलेले, सुटायच्या धडपडीत एका बाजूची कातडी सोलवटलेली. ती कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब तेल सोडत होती. तेलानं डिंक सुटतो हे तिला कसं कळलं कोण जाणे. बहुधा फणस कापताना मी हातांना तेल लावते, ते तिनं पाहिलेलं असणार. उंदीर सुटला, पण जगला नाही. सकाळी तिनं एकच विचारलं, "आई, तो असा ओरडतो हे तुला माहीत होतं?"

माहीत नव्हतं हे खरं. पण मी विचारच केला नव्हता, हे जास्त खरं.

आठवडाभरानं तिनं जाहीर केलं, "आई, आपण उंदीर पाळूया?" सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. गणपतीला फूल वाहता वाहता मान न वळवता म्हणाल्या, "त्याच्या पायाशी बसलाय तेवढा पुरे."

गंमत बघा. गावाचं नाव गणेशपुरी. गणेशोत्सवात आपण त्या उंदराच्याही पुढे मोदक ठेवतो, त्याच्या कानात आपलं मागणं सांगतो. लहान मुलांना टोपी शिवून घेणाऱ्या उंदराची गोष्ट सांगून झोपवतो. आणि तोच ओट्यावर दिसला की झाडू घेऊन धावतो. पण सासूबाईंचा विरोध नुसत्या किळसेचा नव्हता. त्यांच्या आजीनं प्लेग पाहिला होता. त्या काळी 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द पुरेसे असत. घरात उंदीर मरून पडलेला दिसला की माणसं भांडीकुंडी उचलून गावाबाहेर झोपड्या घालून राहायची. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत तो रोग पुण्यापर्यंत पोचला. आपल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ ला गेल्या. रोग पसरवतात त्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं, पण ते लोकांना पटायला बराच काळ गेला. आणि हे सगळं आजीच्या काळातलं म्हणून सोडून द्यावं, तर १९९४ साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत पुन्हा प्लेगची धावपळ झालीच. त्या वेळी कॉलेजातून घरी आले की मी नाकाला रुमाल बांधलेल्या माणसांची चित्रं टीव्हीवर बघायचे. तेव्हा सासूबाईंना "तुम्हाला काय कळतंय" असं म्हणायची माझी छाती नव्हती.

पण लेकीला नुसतं "नाही" म्हणायलाही जीभ उचलेना. त्या पुठ्ठ्याचं ओझं होतंच. म्हटलं, आधी माहिती काढू.

पहिली अडचण आपल्या भाषेतच निघाली. इंग्रजीत ज्यांना दोन वेगळी नावं आहेत, ते दोन्ही प्राणी आपल्याकडे 'उंदीर'च. फार मोठा असेल तर घूस म्हणायचं. (आणि चिचुंद्री तर उंदरांच्या जातीची नाहीच, ती किडे खाते. तरी आपल्या झाडूचा मार तिलाही बसतो.) दुकानात जे 'पांढरे उंदीर' मिळतात, त्यांतले अंगठ्याएवढे, मोठ्या कानांचे असतात ते वेगळे, आणि हातभर शेपटीसकट दिसणारे, जाड मानेचे ते वेगळे. अंगठ्याएवढे दिसायला गोड, पण फार चपळ आणि घाबरट. मुलाच्या हातून निसटतात, पकडायला गेलं की चावतात. मोठे मात्र शांत, माणसाला ओळखणारे. मुलांसाठी घ्यायचेच तर मोठे, हे ऐकून मी चाटच पडले. मला वाटत होतं, लहान मूल, तर लहान उंदीर!

हे मोठे पाळीव उंदीर म्हणजे मूळचे गटारातले, तपकिरी उंदीरच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता. वेगळ्या रंगाचे उंदीर सापडले की तो ते मारायचा नाही, वाढवायचा आणि विकायचा. अशा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या शांत उंदीर निवडत नेले, तेच पुढे प्रयोगशाळांत गेले आणि घरांतही आले. मुलांसाठी सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर बाईंनीही एक पांढरा उंदीर पाळला होता. १९०८ मध्ये उंदरांवरचं एक पुस्तक त्यांनी त्यालाच अर्पण केलं. लेकीनं ही माहिती आजीला ऐकवली. आजी म्हणाली, "त्या बाईला कामं नसतील."

शेवटी संक्रांतीच्या आठवड्यात, जानेवारी २०२३ मध्ये, दोन उंदीर घरी आले. दोन अशासाठी, की हा प्राणी एकटा झुरतो. आणि दोन्ही माद्या, कारण नर-मादी एकत्र ठेवलं तर दीड महिन्याचं पिल्लूसुद्धा गाभण राहू शकतं, जेमतेम तीन आठवड्यांत वितं आणि एका वेळी आठ-दहा पिल्लं देतं. दुकानदार "दोन्ही माद्याच आहेत हो" म्हणतो त्यावर जाऊ नका, शेपटीखाली स्वतः बघा. नर असला तर महिन्याभराच्या वयात स्पष्ट कळतो. मला लाज वाटत होती, लेकीला अजिबात वाटली नाही. पिंजऱ्यांच्या दुकानांनी नोंदणी करावी, जनावरांना जागा, पाणी द्यावं, असे केंद्र सरकारचे २०१८ चे नियम आहेत आणि त्यांत उंदरांचाही समावेश आहे. पहिल्या दुकानात एका पेटीत इतके कोंबलेले होते की मोजता येईनात. नाकातून घरघर आवाज येत होता. तिथून आम्ही रिकाम्या हातांनी निघालो, म्हणून लेक एसटीत अंबाडीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पुढच्या खेपेला एका घरगुती पाळणाऱ्यांकडून आणले. काळ्या डोक्याची ती तीळ, आणि फिक्या पिवळट अंगाची ती गूळ.

आता खरं सांगते, मैत्रिणींनो. "मी सगळं करीन, आई" या वचनाचं आयुष्य सतरा दिवसांचं निघालं. मोजले होते मी. उंदीर दिवसा झोपतात आणि संध्याकाळी जागे होतात. मुलांचा शाळेचा वेळ वाया जात नाही, ही एक सोय. पण पिंजरा सकाळी साफ करायला हवा आणि सकाळी लेकीची शाळा. दर दोन-तीन दिवसांनी खालची कापडं बदलायची, नाहीतर मुताचा उग्र दर्प येतो आणि त्या वासानं उंदरांचीच छाती बिघडते. दात सतत वाढतात म्हणून कुरतडायला लाकूड द्यावं लागतं, न दिल्यास ते स्वतः शोधतात. ह्यांच्या चार्जरची वायर त्यांनी अशीच शोधली. एकदा गुळीच्या डोळ्यांभोवती लालभडक ओल दिसली. रक्तच आलं असं वाटून माझे हातपाय गळाले. नंतर कळलं की उंदरांच्या अश्रूंनाच तांबडा रंग असतो, आणि आजारी किंवा घाबरलेला असला की तो जास्त दिसतो. उन्हाळ्यात तर हाल. आपल्यासारखा घाम त्यांना येत नाही. मे महिन्यात दुपारी वीज गेली की मी फुटक्या माठाचं खापर ओलं करून पिंजऱ्यात ठेवायची आणि दोघी त्यावर पोट टेकून पसरायच्या.

आजारी पडले तर काय? आमच्याकडे गाईम्हशी, शेळ्या, कोंबड्या यांचे डॉक्टर आहेत. उंदीर घेऊन गेले तर ते भले गृहस्थ चष्मा वर करून बघतच राहिले. म्हणाले, "बाई, मारायचं औषध लोक विचारतात, जगवायचं पहिल्यांदाच कुणी विचारलं." मग भिवंडीमार्गे ठाणे, दीड-दोन तास, आणि उंदराच्या किमतीच्या दहापट बिल. उंदीर स्वस्त असतो, त्याला पाळणं स्वस्त नाही.

खेड्यातल्या घराला आणखी एक त्रास, जो शहरातल्या पुस्तकांत लिहिलेला नसतो. पाळीव उंदरांच्या सांडलेल्या दाण्यांवर शेतातले उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पहिल्याच पावसाळ्यात पडवीत, पिंजऱ्याच्या स्टुलाखाली, धामण निघाली. धामण बिनविषारी, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलंच करते, हे मला पाठ आहे. तरी स्टुलावर चढून मी ज्या आवाजात ह्यांना हाक मारली, तो आवाज शेजारी अजून काढून दाखवतात. त्यानंतर पिंजरा आतल्या खोलीत आला, बारीक जाळीचा. दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि रात्री उरलेलं खाणं उचलून घ्यायचं.

हे सापापुरतंच नव्हतं. शेतातल्या उंदराचं मूत आमच्या उंदरांच्या खाण्याला लागू नये, ही खरी भीती होती. लेप्टोचे जंतू असतात त्या मुतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर हा शब्द घरोघरी पोचला. पण आमच्या भागातल्या बायकांना तो पेपरातून शिकावा लागला नाही. आमच्या बचत गटातल्या एकीचा नवरा आवणीच्या दिवसांत तापानं फणफणला. पोटऱ्या इतक्या दुखत की पाय टेकवेना. दोन दिवस सगळ्यांनी "भिजलाय, होईल बरा" म्हटलं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. पायाला खाचरातली जखम होती, तिथून जंतू आत शिरले. तो वाचला, पण थोडक्यात. तिच्या घरी बसलेली असताना ती म्हणाली, "ताई, तुमच्या घरात उंदीर पाळलाय म्हणतात, खरं का?" मला काय बोलावं सुचेना. खाचरात उतरणाऱ्या बायांना मी सांगते, जखम असली तर झाकून उतरा, ताप आला तर खाचरात काम केल्याचं डॉक्टरला आपणहून सांगा. तेच नियम घरात आणले. उंदराला हात लावला की साबणानं हात धुवायचे. त्याला ओठ लावायचे नाहीत. ताटाजवळ आणायचं नाही. चावला तर लपवायचं नाही, जखम वाहत्या पाण्यात धुऊन डॉक्टरकडे. उंदीर चावल्यानं येणारा वेगळा तापही असतो. आणि डॉक्टरांना "घरात उंदीर आहेत" हे सांगायला लाजायचं नाही, नाहीतर ते कशाचा ताप म्हणून शोधणार? घरचे पाळलेले म्हणजे निर्धोक, असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांपासूनच सेऊल विषाणूची लागण झाली होती. तिथली रोगनियंत्रण संस्था तर स्पष्ट सांगते, पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस घरात असेल तर उंदीर पाळू नका. शेजारची एक सून तिच्या चार वर्षांच्या मुलासाठी विचारायला आली, तेव्हा मी तिला चहा पाजून "नाही" म्हटलं. ती रागावली, रागावू दे.

मग पाळावेतच कशाला? त्याचं उत्तर मला रोज संध्याकाळी सहाला मिळायचं. दप्तर टाकून लेक पिंजऱ्याशी गेली की दोघी दाराशी उभ्या. तीळ तिच्या फ्रॉकच्या खिशात शिरून बसायची. गूळ कपाटामागे लपायची आणि शोधून काढली की टुणकन उडी मारून पुन्हा लपायची. मला वाटलं लेक काहीतरी वाढवून सांगतेय. पण २०१९ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना लपाछपी शिकवली होती, आणि उंदीर लपणं आणि शोधणं दोन्ही शिकले, तेही बक्षिसाच्या दाण्याशिवाय. त्यांना गुदगुल्या केल्या की ते आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या बारीक आवाजात किलबिलतात, हे याक पँकसेप यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस शोधलं. कंबोडियात मगावा नावाच्या एका उंदरानं वास घेऊन शंभराहून जास्त सुरुंग आणि स्फोटकं शोधून दिली. त्याला २०२० मध्ये सुवर्णपदक मिळालं. तो आफ्रिकेतला, मांजराएवढा, वेगळ्या जातीचा, पण उंदीरच. सुवर्णपदक ऐकल्यावर सासूबाई पहिल्यांदा पिंजऱ्याजवळ गेल्या. लांबूनच खोबऱ्याचा तुकडा टाकला. "देवाचा प्रसाद आहे, त्यांना नाही," असं मला सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला.

एक प्रश्न मात्र लेकीनं विचारला तो मला अजून सुटलेला नाही. माळ्यावर मी औषधाची वडी ठेवत होते. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून नवं खाणं तो आधी कणभर चाखतो आणि वाट बघतो. शेतकरी जस्त फॉस्फाईड घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस नुसता भरडा ठेवतात तो याचसाठी. वडीतलं औषध चार-पाच दिवसांनी लागू पडतं, तेव्हा त्याला कशानं हे झालं ते कळतही नाही. हे सगळं मी तिला समजावून सांगत होते आणि ती म्हणाली, "म्हणजे त्याची हुशारी वापरूनच आपण त्याला मारतो." खाली पिंजऱ्यात डाळ-भाकरी आणि वर माळ्यावर वडी. वर्षाचा भात कणगीत आहे, तो उंदरांना देऊन चालणार नाही. चिकट पुठ्ठा त्या दिवसापासून घरात आला नाही. वडी मात्र अजून येते.

आणि एकदा याहून वाईट झालं. जवळच्या कातकरी वाडीत मी गटाच्या बैठकीला जाते. सुट्टी होती म्हणून लेक बरोबर होती. कातकरी लोक शेतातले उंदीर खातात. त्यांच्यात उंदीरनवमी म्हणून दिवसही आहे. कापणीनंतर बीळ खणून उंदीर काढतात आणि त्यानं आत साठवलेला भातही. लेकीनं मोठ्या ऐटीत सांगितलं, "आमच्याकडे पण उंदीर आहेत, आम्ही पाळलेत." बाया हसल्या. एका म्हातारीनं विचारलं, "न् त्याला खायाला काय घालतेस?" "डाळ, फुटाणे, कधी उकडलेलं अंडं." म्हातारी म्हणाली, "डाळ? आमच्याकडं पोरांना रोज नाय मिळत." ती चिडून बोलली नाही, साधंच बोलली. मी वहीत काहीतरी लिहायला लागले. परतताना लेक म्हणाली, "आई, त्या आजीनं आपल्याला ओरडायला पाहिजे होतं." पुढच्या वेळी ती म्हातारीच्या मागे मागे बांधावर गेली. ताजं बीळ कसं ओळखायचं, कोठार कुठल्या बाजूला असतं, सुटायची दुसरी वाट कशी शोधायची, हे शिकून आली. पुस्तकापेक्षा त्या म्हातारीला उंदीर जास्त कळतो, हे तिचं मत झालं. माझंही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिळीच्या काखेत गाठ आली. माद्यांना अशा गाठी फार होतात, आणि उंदराचं आयुष्यच मुळी दोन-तीन वर्षांचं. हे मी आधी वाचलं होतं, लेकीला सांगितलंही होतं. पण नऊ वर्षांच्या मुलीला 'दोन वर्षं' म्हणजे फार वाटतात. ठाण्याच्या डॉक्टरांनी गाठ काढली, महिन्याभरात पुन्हा आली. तीळ डिसेंबरात गेली. गूळ एकटी पडली. खेळेना, अंग फुगवून कोपऱ्यात बसायची. तिला जोडीला दुसरी आणावी का, यावर घरात भांडण झालं. आणली की ही साखळी कधी संपणारच नाही, म्हणून मी नको म्हटलं. ते बरोबर केलं का, सांगता येत नाही. लेकीनं त्या दिवसांत अभ्यासाचं टेबल पिंजऱ्याशेजारी हलवलं. मे २०२५ मध्ये गूळही गेली, झोपेत. पिंजरा साफ करण्याचं माझं काम सुटलं, तरी आठवडाभर सकाळी मी त्या कोपऱ्याकडे वळत होते. दोघींना परसात प्राजक्ताखाली पुरलं. सासूबाई बाहेर आल्या नाहीत, पण आतून खोबऱ्याची वाटी पाठवली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत लेक पुन्हा वाडीवर आली होती. आता बारा वर्षांची आहे. म्हातारीनं ओळखलं. "काय गं, तुजा उंदीर कसा हाय?"

"मेला, आजी."

"मांजरानं नेला?"

"नाही. म्हातारा झाला होता."

म्हातारी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहिली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "ऐकलंस काय? म्हातारा उंदीर! येवढी वरसं बिळं खणली, पन म्हातारा उंदीर मी अजून नाय पायला."